सुपरचार्जरवाल्या गाडीत प्लगचा गॅप कसा लावायचा: मिनी कूपर एस आर५३ वर केलेलं काम

ऑक्सफर्डहून लंडनकडे येताना एम४० वर स्टोकनचर्चचा चढ लागतो. खडूच्या डोंगरातून कापून काढलेला लांबलचक रस्ता. या चढावर माझी २००५ ची मिनी कूपर एस चौथ्या गिअरमध्ये, चार हजार आरपीएमच्या आसपास, पूर्ण पाय दाबला की झटके मारायला लागली. पाय थोडा सोडला की लगेच शांत. पुन्हा दाबला की पुन्हा झटके, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. घरी येऊन कोड वाचला तर पी०३००, म्हणजे एकाहून जास्त सिलिंडरमध्ये मिसफायर. आपल्याकडच्या गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करत होती.

महिनाभरापूर्वीच मी सुपरचार्जरची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाची) पुली बदलून १५ टक्के लहान पुली बसवली होती. सोबत सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे नवे स्पार्क प्लगही टाकले होते. विकणाऱ्याने खोक्यावर 'गॅप लावलेला आहे' असं लिहिलं होतं, म्हणून मी न मोजता तसेच बसवले. चढावरच्या त्या प्रकारानंतर चारही काढून मोजले: ०.७२, ०.७८, ०.९१ आणि ०.८० मिलिमीटर. खोक्यात घरंगळत आलेल्या प्लगचा गॅप असाच असतो. चारही ०.७० वर आणले आणि त्याच चढावर गाडी एकसंध ओढत गेली. हे काम घरी, तासा-दीड तासात, अगदी थोड्या सामानात होतं. मात्र त्यामागचं गणित कळल्याशिवाय आकडा निवडता येत नाही, म्हणून आधी गणित.

सुपरचार्जरमुळे ठिणगीला काय जड जातं

प्लगच्या मधल्या टोकापासून वरच्या वाकलेल्या पट्टीपर्यंतची फट म्हणजे गॅप. या फटीतून ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: फट किती आणि फटीतली हवा किती दाट. भौतिकशास्त्रात याला पाशेनचा नियम म्हणतात. मोकळ्या हवेत १ मिलिमीटरच्या फटीला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते त्या क्षणी हवा दाबलेली असते, आणि सुपरचार्जरने आधीच कोंबून भरलेली असेल तर बाहेरच्यापेक्षा साधारण दहापट दाट असते. तेवढ्याच फटीला मग वीस-पंचवीस हजार व्होल्ट आणि त्याहूनही जास्त लागतात. हे व्होल्ट तयार करणारी कॉइल देऊन देऊन किती देणार, त्याला मर्यादा आहे. मागणी त्या मर्यादेच्या वर गेली की ठिणगी उडतच नाही, किंवा प्लगच्या चिनी मातीवरून, नाहीतर वायरीच्या फाटक्या रबरातून भलतीकडे पळते. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं आणि तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं. म्हणून लुकलुकणारा दिवा दिसला की पाय लगेच सोडायचा. कन्व्हर्टरचा खर्च प्लगच्या कित्येक पट आहे.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. प्लग बाहेर काढून, इंजिनाच्या अंगाला टेकवून, ठिणगी निळी की पिवळी हे बघायची जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही. मोकळ्या हवेत ०.९१ चा प्लगही झकास ठिणगी देतो. शिवाय आजच्या कॉइल आणि कॉम्प्युटरला असा खेळ सोसत नाही, आणि माणसाला बसणारा झटकाही साधा नसतो.

आता आकडे. आर५३ ही २००२ ते २००६ मधली कूपर एस. ब्राझीलमध्ये क्रायस्लर आणि बीएमडब्ल्यूच्या भागीदारीत तयार झालेलं ट्रायटेक इंजिन, १,५९८ सीसी, त्यावर ईटनचा एम४५ रूट्स सुपरचार्जर, आणि त्याच्यासाठी मुद्दाम कमी ठेवलेलं ८.३ चं कॉम्प्रेशन. हा सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. टर्बोसारखी वाट बघावी लागत नाही. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका तो फिरतो. पुली १५ टक्के लहान केली की सुपरचार्जर १५ टक्के जास्त फिरतो असं अनेकांना वाटतं, पण १ ला ०.८५ ने भागून बघा: वेग १७.६ टक्क्यांनी वाढतो.

माझ्या गेजवर मूळ पुलीला जास्तीत जास्त बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला दाब) ०.८ बार दिसायचा, लहान पुलीला १.०५ बार. हा बूस्ट वातावरणाच्या दाबाच्या वरचा आहे हे विसरायचं नाही. ०.८ वरून १.०५ म्हणजे ३१ टक्के वाढ वाटते, पण सिलिंडरला दिसतो तो एकूण दाब: १.८ वरून २.०५, म्हणजे साधारण १४ टक्के. व्होल्टची मागणी तेवढीच राहू द्यायची असेल तर फट तितक्याच प्रमाणात कमी करावी लागेल. प्लगच्या कंपनीतल्या ०.८ मिलिमीटर गॅपला १.१४ ने भागलं की ०.७० येतं. हे ढोबळ गणित आहे, हवेचं तापमान आणि ठिणगीची वेळ यात धरलेली नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यातून नेमकं समजतं.

मग सरळ ०.५ च का लावू नये? कारण लहान फटीत आगीचा पहिला ठिपकाही लहानच तयार होतो, आणि त्याची बरीच उष्णता जवळच्या धातूतच मुरते. आयडलला (गाडी उभी असताना) आणि हलक्या पायावर हवा-पेट्रोलचं मिश्रण नीट पेट घेत नाही. गाडी सिग्नलला थरथरते, थंडीत सुरू व्हायला कुरकुरते. म्हणून पूर्ण बूस्टमध्ये मिसिंग न करणारा मोठ्यात मोठा गॅप शोधायचा. माझा सगळा भर यावर आहे. इंटरनेटवर कुणी ०.६ लावून समाधानी असतो, त्याची पुली, कॉइल आणि हवामान तुमचं नसतं.

प्लग कोणता घ्यायचा

आर५३ मध्ये कंपनीने एनजीकेचा बीकेआर६ईक्यूयूपी हा प्लग दिला होता. त्याच्या मधल्या टोकाभोवती चार बाजूंना चार पट्ट्या असतात. चांगला आणि टिकाऊ प्लग आहे, गाडी मूळ अवस्थेत असेल तर तोच ठेवावा. पण त्याचा गॅप बदलता येत नाही, आणि बदलायचा प्रयत्नही करू नये. चार पट्ट्या सारख्या वाकवणं हाताने शक्य नाही. पुली बदललेल्या गाडीला एकच पट्टी असलेला प्लग लागतो. मी बीकेआर७ईआयएक्स वापरतो.

प्लगच्या नावात बरीच माहिती दडलेली असते. एनजीकेच्या नावातला आकडा हीट रेंज सांगतो: ६ पेक्षा ७ थंड. 'थंड' म्हणजे ठिणगी थंड असं मुळीच नाही. आतल्या चिनी मातीचं नाक आखूड असतं, त्यामुळे उष्णता लवकर हेडमध्ये निघून जाते, एवढाच अर्थ. एक पायरी थंड घेतला की टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी उतरतं. डेन्सोचे आकडेही याच दिशेने चढतात. तिकडचा २० म्हणजे एनजीकेचा ६, आणि २२ म्हणजे ७. बॉशचा हिशेब नेमका उलटा आहे, तिथे मोठा आकडा गरम, त्यामुळे कंपनी बदलताना तक्ता बघूनच घ्या. टोक साधारण ४५० अंशांच्या खाली राहिलं तर त्यावर काजळी साठते, आणि ८५०-८७० च्या वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटायचा धोका असतो.

गॅप आणि हीट रेंज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिसिंग करते म्हणून थंड प्लग घ्यायचा नसतो, आणि खटखट (मिश्रण आपोआप पेटून येणारा आवाज) करते म्हणून गॅप कमी करायचा नसतो. एनजीकेचा ढोबळ नियम असा की ७५ ते १०० अश्वशक्ती वाढली की एक पायरी थंड. नुसत्या पुलीने एवढी वाढ होत नाही. मी ७ घेतला कारण उन्हाळ्यात गाडी ट्रॅकवर नेतो. ज्याची गाडी इंग्लंडच्या हिवाळ्यात रोज मुलांना शाळेत सोडण्यापुरती तीन मैल फिरते, त्याने ६ च ठेवावा. ७ तिथे काळा पडेल.

नावाच्या शेवटी -११ असेल तर कंपनीतून १.१ मिलिमीटरचा गॅप येतो. बारीक टोकाच्या इरिडियम प्लगचा गॅप कंपनीच्या आकड्यापासून ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नये असं एनजीके सांगते. ०.८ वरून ०.७ वर आणणं यात बसतं. १.१ वरून ०.७ बसत नाही. पट्टी तिरकी होते, टोकावर फट निमुळती राहते. त्यामुळे दुकानात '-११ आहे, तेवढाच दाबून घ्या' असं कुणी म्हटलं तर घेऊ नका.

एक बाब फक्त आर५३ सारख्या गाड्यांची. तिच्यात एकच कॉइल पॅक आहे आणि तो दोन सिलिंडरांना एकदम ठिणगी देतो: १ आणि ४, २ आणि ३. एकात पेट्रोल पेटतं, दुसऱ्यातली ठिणगी एक्झॉस्टच्या वेळी वाया जाते. या जोडीतल्या एका प्लगमध्ये वीज मधल्या टोकाकडून पट्टीकडे जाते आणि दुसऱ्यात पट्टीकडून टोकाकडे. म्हणून दोन प्लगची पट्टी इतर दोघांपेक्षा जास्त झिजते. चारांपैकी एकच प्लग तपासून 'सगळे ठीक' म्हणता येत नाही ते याच कारणाने.

सामान

१६ मिलिमीटरचा प्लग सॉकेट, आत रबर किंवा चुंबक असलेला. लांब एक्स्टेंशन आणि रॅचेट. ५ ते ५० न्यूटन मीटरमध्ये चालणारा लहान टॉर्क रेंच. चाकाच्या नटांचा मोठा रेंच इतक्या खाली भरवशाचा नसतो. तारेचे फिलर गेज, त्यात ०.६५, ०.७० आणि ०.७५ च्या तारा असाव्यात. फक्त पट्टी वाकवणारं, प्लगच्या आट्यांवर धरायचं गॅपिंगचं हत्यार. टॉर्च, भिंग किंवा चांगला कॅमेरा असलेला फोन, हवेचा डबा, आणि वायरीच्या बुटांसाठी (प्लगवर बसणाऱ्या रबरी टोप्यांसाठी) थोडं डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं ग्रीस.

नाण्यासारखं गोल, कडेने जाड होत जाणारं गेज दुकानात स्वस्त मिळतं. ते इरिडियम प्लगला लावू नका. ते फटीत सरकवून पुढे ढकललं की सगळा जोर मधल्या टोकावर येतो, आणि ते टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, कठीण पण ठिसूळ असतं.

इंच वापरणाऱ्यांसाठी (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ): २८ थाऊ म्हणजे ०.७१ मिलिमीटर, ३० म्हणजे ०.७६, ३२ म्हणजे ०.८१. इंग्लंड-अमेरिकेतले लोक थाऊत बोलतात, आणि कोल्हापूर-पुण्याच्या लेथवरही थाऊच चालतात, त्यामुळे हा हिशेब आपल्याला परका नाही.

जुने प्लग काढताना

इंजिन पूर्ण थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं आहे. गरम असताना प्लग फिरवला तर आटे घेऊनच बाहेर येतो. आर५३ मध्ये वर इंटरकूलर बसलेला असला तरी प्लगसाठी तो काढावा लागत नाही. वायरींना चिकटपट्टी लावून १ ते ४ आकडे लिहा. वायर ओढायची नाही, तिचं रबरी बूट धरून आधी थोडं पिळायचं, मग ओढायचं.

बूट निघाल्यावर लगेच सॉकेट घालू नका. आधी टॉर्च मारून खड्ड्यात बघा. वाळू, पानांचा चुरा, कधी तेल साठलेलं असतं. हवेच्या डब्याने फुंकून साफ केल्यावरच प्लग सैल करा, नाहीतर तोच कचरा सिलिंडरमध्ये पडतो. खड्ड्यात तेल असेल तर ते पुसून घ्या आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटकडे लक्ष द्या. प्लगच्या बाहेरच्या अंगाला तेल म्हणजे गॅस्केट, आणि टोकाला तेल म्हणजे आतून, हा फरक महत्त्वाचा.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने एका फळीवर मांडा आणि वाचा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा प्लग जास्तच थंड. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे उष्णता जास्त. चिनी मातीवर बारीक चमकणारे चंदेरी ठिपके दिसले तर काम तिथेच थांबवा. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. खटखटीने पिस्टन झिजतोय, आणि त्याचा इलाज गॅपमध्ये नाही. ट्यूनिंग आणि पेट्रोल तपासल्याशिवाय ती गाडी बूस्टवर चालवू नका.

गॅप मोजणं आणि लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

माझे मामा कोल्हापुरात उद्यमनगरात फिटर होते. सुट्टीत मी त्यांच्या शेडवर जायचो. ते स्कूटरच्या प्लगचा गॅप हॅक्सॉच्या मोडक्या पात्याच्या तुकड्याने बघायचे. पातं बहुतेक ०.६५ मिलिमीटरच्या जवळपास असतं, त्यामुळे दोन स्ट्रोकच्या स्कूटरला ते बरोबर जमायचं. मी डोळा बारीक करून फट बघत होतो तेव्हा त्यांनी प्लग माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "डोळ्यानं बघू नगंस, बोटानं बघ." आज हातात पात्याऐवजी तारेचं गेज आहे, बाकी पद्धत तीच.

प्लग डाव्या हातात षटकोनी भागाला धरा, पट्टी वरच्या बाजूला. ०.७० ची तार फटीतून आडवी सरकवा. लोण्यातून सुरी फिरावी तशी सहज गेली तर फट मोठी आहे. अडकून पट्टी उचलायला लागली तर लहान. योग्य फटीत तार जाते, पण दोन्ही बाजूंना किंचित घासल्याचं बोटाला जाणवतं, जाड कागदातून दोरा ओढल्यासारखं. मग ०.७५ ची तार लावा. ती शिरता कामा नये. ०.७० जाते आणि ०.७५ जात नाही, एवढी खात्री पटली की तो प्लग झाला. नवीन प्लगवर सपाट पात्याचं फिलर गेजही चालतं. वापरलेल्या प्लगच्या पट्टीत मधल्या टोकासमोर खळगा पडलेला असतो. सपाट पातं त्या खळग्यावरून पुलासारखं जातं आणि फट असते त्यापेक्षा कमी दाखवतं. तार खळग्यात उतरते.

फट कमी करायची तर हत्यार प्लगच्या आट्यांवर धरून स्क्रूने पट्टी खाली दाबा. एका वेळी अगदी थोडं. पट्टी निकेलच्या मिश्रधातूची असते आणि ती उलट उसळते: हत्यार असताना ०.६७ दिसलं तर काढल्यावर ०.७० होतं. म्हणून हत्यार पूर्ण सैल करूनच मोजायचं. पहिल्या प्लगला मला दहा मिनिटं लागतात, चौथ्याला दोन, कारण तोवर स्क्रूचा किती फेरा म्हणजे किती फट हे हाताला समजलेलं असतं.

जास्त दाबलं गेलं तर फट उघडायला हत्याराचा हूक पट्टीच्या टोकाखाली घाला आणि वर ओढा. मधल्या टोकाचा किंवा चिनी मातीचा टेकू घेऊन उचकटायचं नाही. एक केसाएवढी चीर पडली तरी ती डोळ्याला दिसत नाही, आणि पूर्ण बूस्टमध्ये ठिणगी त्या चिरेतून पळते. तीच पट्टी चार-पाच वेळा वर-खाली झाली असेल तर तो प्लग बाजूला ठेवा. धातू वाकलेल्या जागी थकतो. प्लग हातातून काँक्रीटवर पडला तर तोही परत वापरू नका, बाहेरून कितीही चांगला दिसला तरी.

शेवटी प्लग उजेडासमोर धरून बाजूने बघा. पट्टीची खालची बाजू आणि मधलं टोक यांच्यातली फट दोन्ही कडांना सारखी दिसली पाहिजे. पट्टी तिरकी असेल तर तार घासते कडेला आणि ठिणगी पडते भलत्याच जागी. फोनने जवळून फोटो काढून मोठा करून बघितला की हे लगेच कळतं. चारही प्लगचे फोटो शेजारी ठेवून बघा. एखादा वेगळा असेल तर लगेच ओळखू येतो.

चारही सारखे असणं हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. चार प्लग ०.७५ वर एकसारखे असतील तर ते तीन ०.७० आणि एक ०.८५ पेक्षा चांगले.

बसवताना

आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. प्लगवर मुलामा असतो, त्यामुळे अँटिसीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) लावू नका. ते लावलं की घर्षण घटतं आणि रेंच त्याच आकड्याला क्लिक करेपर्यंत प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

सॉकेटमध्ये प्लग धरून फक्त एक्स्टेंशन बोटांनी फिरवा, रॅचेट न लावता. सुरुवातीला उलट्या दिशेने हलकेच फिरवलं की आटा सुरू होण्याच्या जागी एक बारीकसा 'टक' जाणवतो. तिथून सुलट फिरवा. पूर्ण बसेपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे. मध्ये अडला तर जोर लावू नका, काढा आणि पुन्हा सुरू करा. हेडचे आटे गेले की ते काम घरी निस्तरण्यासारखं नाही.

मग टॉर्क रेंच. १४ मिलिमीटरच्या आट्यांचा, वायसर असलेला प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटरला आवळतात. मी २७ ठेवतो. रेंच नसेल तर बोटांनी पूर्ण बसल्यावर नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, कारण नवं वायसर दबतं. तोच प्लग परत बसवत असाल तर वायसर आधीच दबलेलं असतं, तेव्हा फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. ढिला प्लगही धोक्याचा आहे: त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि थंड प्लग घेण्याचा हेतूच वाया जातो.

बुटाच्या आतल्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, धातूच्या टोकावर नको. बूट दाबल्यावर 'टप' असं बसल्याचं हाताला समजतं. ते समजलं नाही तर पुन्हा दाबा. बसवल्यानंतर लगेच मिसिंग आलं तर नीट न बसलेलं बूट हेच पहिलं कारण शोधा.

रस्त्यावर

थंड इंजिन सुरू करा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका. आयडल जुन्यापेक्षा खडबडीत वाटलं तर लक्षात ठेवा. इंजिन गरम झाल्यावर, मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारांपासून पूर्ण पाय दाबून ओढा. नंतर एखाद्या चढावर चौथ्यात. सोबत ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र) जोडलेला असेल तर मिसफायरचा हिशेब सिलिंडरवार दिसतो. पी०३०१ ते पी०३०४ यांचा शेवटचा आकडा सिलिंडरचा.

ठिणगी विझण्याची खूण ओळखता येते. ती जास्त भारावरच येते, झटका तुटक आणि कोरडा असतो, आणि पाय सोडताक्षणी जाते. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी हळूहळू गळाठते. खटखट असेल तर डब्यात खडे हलवल्यासारखा धातूचा आवाज येतो.

मिसिंग राहिलं तर चारही प्लग ०.०५ ने कमी करा आणि तीच चाचणी त्याच रस्त्यावर पुन्हा घ्या. राहिलं नाही आणि आयडलही गुळगुळीत असेल तर तिथेच थांबा. ०.६५ च्या खालीही मिसिंग जात नसेल, तर गॅप कमी करत जाऊ नका. लहान गॅप अशक्त कॉइलला काही महिने झाकून ठेवतो, आणि ती मग हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री रस्त्यात बसते. आर५३ च्या कॉइल पॅकच्या टोकांवर हिरवा-पांढरा गंज आहे का ते बघा. वायरींचा रोध मल्टिमीटरने मोजा. लांबीप्रमाणे थोडा फरक असतो, पण एखादीच भलती जास्त निघाली तर पूर्ण सेट बदला. बिघाड १ आणि ४ मध्ये मिळून असेल, किंवा २ आणि ३ मध्ये मिळून, तर संशय कॉइलवर घ्या, कारण त्या जोड्या तिच्याच आहेत. एकाच सिलिंडरचा असेल तर वायर दुसरीकडे पोचत असल्यास बदलून बघा, प्लग अदलाबदल करा, आणि बिघाड कुणाबरोबर जागा बदलतो ते पाहा.

भारतात सुपरचार्जरवाली गाडी असेल तर ती बहुधा पुण्याजवळ जुळणी झालेली मर्सिडीजची सी २०० कॉम्प्रेसर, ऑडीची ३.० टीएफएसआय किंवा जॅग्वार-लँड रोव्हरचं इंजिन असेल. पद्धत हीच. फक्त तिथे लांब वायरींचा सेट नसतो, प्रत्येक प्लगची कॉइल वेगळी असते; ती काढण्याआधी तिचा विजेचा कनेक्टर सोडवा आणि कॉइल सरळ वर ओढा. वरचे आकडे मात्र त्या गाड्यांना लावू नका. त्यांच्या पुस्तकातला गॅप हाच पहिला आकडा, आणि पुली किंवा ट्यून बदललेलं नसेल तर शेवटचाही तोच. ऑडीच्या त्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे ठिणगीची जागासुद्धा फवाऱ्याच्या हिशेबाने ठरवलेली असते, त्यामुळे कंपनीने सांगितलेला प्लग सोडून दुसरा घालणं मला पटत नाही.

नवे प्लग बसवल्यावर मी ३०० मैलांनी एकदा काढून रंग बघतो, आणि नंतर वर्षातून एकदा मोजतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात (ग्लव्ह बॉक्समध्ये) एक लहान वही आहे. तिच्यात तारीख, मैल, चारही सिलिंडरचे गॅप आणि टोकाचा रंग लिहितो. मागच्या खेपेला नऊ हजार मैलांनंतर १ आणि ३ मध्ये ०.७१ होता, २ आणि ४ मध्ये ०.७३. दोघांची पट्टी जास्त झिजत होती, वाया जाणाऱ्या ठिणगीच्या हिशेबाप्रमाणेच. चारही पुन्हा ०.७० वर आणले, बुटांना नवं ग्रीस लावलं आणि पुढची तारीख लिहून ठेवली.